स्टेन्सिलवर सरळ केलेला रस्ता

मोटरसायकल त्याची होती, चालवत मी होतो आणि घाई अजिबात नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, कारण अपघातानंतर कॉलनीत मी वेगळंच सांगत फिरलो. गावकऱ्यांच्या हरकती दाखल करायचा शेवटचा दिवस होता, वेळ संपत आली होती, म्हणून पळवावी लागली, असं. त्यातलं शेवटच्या दिवसाचं तेवढं खरं, बाकी खोटं. गुडगावचं कार्यालय पाचला बंद होणार होतं, आम्ही गावातून निघालो तेव्हा पावणेतीन वाजले होते, आणि अंतर फार तर अर्ध्या तासाचं. वाटेत थांबून चहा पिऊनही पोचलो असतो.

मी पळवली ती हेव्यापोटी.

तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खाली, ते वर. दोघांचे वडील एकाच मंत्रालयात. लहानपणी आम्ही दोघं माझ्या बाबांच्या स्कूटरवर पुढे उभे राहायचो, हँडल धरून, आणि कोण कुठल्या बाजूला यावरून भांडायचो. पुढे कॉलेज झालं, देशात सगळंच खुलं व्हायला लागलं, आणि आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी एका संघटनेत गेलो, तो एका कंपनीत. आमची संघटना नव्या उपनगरांसाठी गावांच्या जमिनी घेतात त्याविरुद्ध लढायची. त्याची कंपनी त्याच उपनगरांतले प्लॉट विकायची. म्हणजे 'गावाची जमीन बाजारात मांडणारे हे कोण?' असं मी सकाळी लिहायला बसायचो, आणि ती मांडणारा टाय लावून आमच्याच जिन्यावरून उतरायचा. खिडकीशी थांबून विचारायचा, "काय कॉम्रेड, आज कुणाची वाट लावतोयस?"

"तुझ्या शेठची."

"लाव, बिल्कुल लाव. फक्त महिनाअखेर जाऊ दे यार, माझं टार्गेट आहे."

आई स्वयंपाकघरातून हसायची. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

मग त्यानं मोटरसायकल घेतली. शंभर सीसी, लाल, जपानी इंजिनाची. बाबांची स्कूटर सुरू करायची म्हणजे ती आधी एका अंगावर झोपवायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग उभी करून किका मारत राहायचं. त्याची एका किकेत सुरू व्हायची, आणि तीही इतकी गुपचूप की सुरू झालीय का हे बघायला सायलेन्सरशी हात न्यावा लागे. मी तेलकट हातांनी स्कूटर झोपवून उभा असायचो आणि तो शेजारून निघून जायचा. एकदा मात्र थांबला. खाली उतरला, माझा प्लग काढला, स्वतःच्या इस्त्रीच्या रुमालानं पुसला, परत बसवला आणि स्कूटर सुरू करून दिली. त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

बाहेर मी याला तत्त्वाचं नाव देत होतो. एका पत्रकात 'चकचकीत दुचाक्यांवर स्वार झालेली दिशाहीन पिढी' असं लिहिलं होतं. संघटनेत त्या वाक्याचं कौतुक झालं. ती पिढी म्हणजे एकच माणूस आहे आणि तो आमच्या डोक्यावर राहतो, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी आई त्याच्या मागे बसून सरोजिनी नगरला भाजी आणायला गेली. माझ्या मागे बसायची तिला भीती वाटते. परत आली ती केस विस्कटलेले, गाल लाल, हातात मटारची पिशवी. म्हणाली, "कळतसुद्धा नाही रे, खड्डा आला की नाही ते." त्या रात्री मी जेवलो नाही. चोवीस वर्षांचा घोडा, आई दुसऱ्याच्या गाडीवर बसली म्हणून उपाशी झोपला.

त्यात तो कॉलनीभर सांगत होता, गुडगावकडच्या नव्या रस्त्यावर काटा ऐंशीवर नेला म्हणून. ऐंशी. बाबांची स्कूटर पन्नासला थरथरायला लागते. हा ऐंशीचा आकडा माझ्या डोक्यात जाऊन बसला.

आता नकाशाचं सांगतो, कारण अपघात तिथे सुरू झाला.

ज्या गावात आमचं काम चाललं होतं, त्याच्या मागे एक जोहड आहे. जोहड म्हणजे गावतळं. मराठी शब्द मला आठवत नव्हता, आईला विचारून लिहितोय. म्हशी तिथे, धुणं तिथे, पावसाचं पाणी साठतं ते तिथे. उपनगराचा नवा रस्ता नेमका त्यावरून जाणार होता, जोहड बुजवून. नोटीस लागली होती, हरकती द्यायला तीस दिवस होते. गावाचं म्हणणं एवढंच: रस्ता वळवा, आमचं जोहड ठेवा. प्रत्येक घराचा वेगळा कागद, प्रत्येकावर सही नाहीतर अंगठा.

मी त्यासाठी पत्रक काढलं, खाली नकाशा. आमचं सगळं काम सायक्लोस्टाइलवर. ज्यांनी स्टेन्सिल कापलाय त्यांना माहीत आहे, मेणकागदावर पट्टी लावून लोखंडी टोकानं सरळ रेघ झकास येते. वळण काढायला गेलं की कागद फाटतो, मग तिथून शाई गळते आणि सगळ्या प्रती डागाळतात. पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, नकाशात गावामागचा जुना रस्ता जोहडाशी येऊन काटकोनात डावीकडे वळत होता. माझे दोन स्टेन्सिल त्या वळणावर फाटले. तिसऱ्यावर मी रस्ता सरळ ओढला. जोहडाला जागा उरली नाही, ते गाळलं.

गावातल्या एका म्हाताऱ्यानं, सगळे त्याला ताऊ म्हणायचे, पत्रक उजेडात धरून बघितलं. "बाबू, म्हारा जोहड़ कित गया?" आमचं जोहड कुठे गेलं?

"ताऊ, नक्शा छोटा है. सिर्फ समझाने के लिए है."

"तो जोहड़ ए तो समझाणा था," म्हातारा म्हणाला, जोहडच तर समजवायचं होतं, आणि पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

मी दुर्लक्ष केलं. पुढच्या प्रत्येक पत्रकावर तोच सरळ नकाशा गेला. मी स्वतः त्या मागच्या रस्त्यानं एकदाही गेलो नव्हतो. आम्ही नेहमी दिल्लीच्या बाजूनं, बसनं यायचो आणि तसेच परत जायचो. पण इतक्या वेळा तो रस्ता काढला होता की मला तो पाठ आहे असंच वाटायचं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी स्कूटर सुरूच झाली नाही. झोपवली, उठवली, पुन्हा झोपवली. तो टाय बांधत खाली आला.

"कुठे?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिथून कागद घ्यायचे आणि गुडगावला जमा करायचे, हेही सांगितलं.

"अरे, ते तर माझ्या साइटच्या पलीकडे. बस मागे."

"तुझ्याच कंपनीविरुद्धचे कागद आहेत."

"मग काय त्यांना वेगळं पेट्रोल लागतं? बस, यार."

बसलो. मला वाटलं होतं तो मला गावाबाहेर सोडून जाईल. गेला नाही. चौपालात, म्हणजे गावच्या चावडीत आला, बूट काढून खाटेवर बसला, आणि ताऊनं 'तू किसका छोरा सै' विचारल्यावर सरळ सांगून टाकलं, "ताऊ, मैं तो उधर प्लॉट बेचता हूँ." मला वाटलं, आता मारतील. सगळे हसले. कुणीतरी त्याला ताकाचा मोठा पेला दिला. त्यानं तो एका दमात संपवला आणि मिशीला लागलेलं ताक हातानं पुसलं. अर्ध्या तासात तो कुणाच्या म्हशीला काय झालंय ते ऐकत होता. मी त्या गावात वर्षभर येत होतो. मला अजून सगळे 'बाबू' म्हणत होते. त्याला 'छोरा'.

कागद गोळा झाले. ताऊ म्हशींना पाणी दाखवायला जोहडाकडे निघून गेला. मी फाइल शबनम पिशवीत घातली, शबनम गळ्यात अडकवली आणि म्हणालो, "मागच्या रस्त्यानं जाऊ, जवळ पडतं. मी चालवतो."

"चालवलीयस कधी?"

"त्यात काय आहे?"

त्यानं लगेच किल्ली दिली. अशी लगेच दिली याचाही मला राग आला; मी असतो तर दिली नसती. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "घाल. चालवणाऱ्यानं घालायचं."

"आणि तू?"

"माझ्यापुढे तू आहेस ना."

गावाची शेवटची घरं संपली आणि नवं डांबर लागलं. इतका रुंद, इतका काळा, इतका रिकामा रस्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना नुसती सपाट जमीन, चुन्यानं रंगवलेले प्लॉटचे दगड, मध्येच त्याच्या कंपनीचा बोर्ड. एक माणूस नाही. पन्नास झाले, थरथर नाही. साठ. सत्तर. तो मागून कानाशी ओरडला, "मस्त पळते ना?" त्यात बढाई नव्हती. आवडीची वस्तू दुसऱ्यालाही आवडावी तसं होतं. मला तेच सहन झालं नाही. मी मूठ आणखी पिळली.

त्यानं खांद्यावर थाप मारली. "बास यार. पुढे काय आहे माहीत आहे का तुला?"

"सरळ आहे. नकाशा मी काढलाय!"

हे मी खरोखर म्हणालो. मग काट्याकडे बघितलं. ऐंशीच्या जरा अलीकडे होता. मला ऐंशी नको होते, ऐंशीच्या पुढे हवं होतं, आणि ते व्हायची वाट बघत मी काट्याकडेच बघत राहिलो. मान वर केली तेव्हा डांबर संपलं होतं, नवा रस्ता इथवरच झाला होता. आडवा खडीचा ढीग, त्यामागे पाणी, पाण्यात म्हशी, आणि जुना रस्ता डावीकडे, काटकोनात, पटवाऱ्याच्या नकाशात होता अगदी तस्सा.

स्कूटरचा ब्रेक सगळं वजन टाकून दाबावा लागतो, तेव्हा कुठे ती थांबायचं मनावर घेते. पायाला ती सवय. मी तसाच दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी होऊन खडीवरून घसरत गेली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. हेल्मेट दगडावर आपटल्याचा आवाज. उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्याचं कळणं. इंजिन अजून चालूच, तेवढंच गुपचूप.

तो दोन हातांवर उठून बसला होता. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं होतं, पांढरा शर्ट आणि टाय लाल होत चालले होते. ते कपाळ माझं असायला हवं होतं. त्याचं हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं.

त्यानं पहिल्यांदा गाडी बंद केली, मग माझ्याकडे आला. "पाय हलव. दोन्ही. हां. हात? अच्छा, हात राहू दे." मग इकडेतिकडे बघितलं. "फाइल कुठाय?"

शबनमचा पट्टा तुटून ती चिखलात पडली होती. ताऊ म्हशी सोडून धावत येत होता. येता येता त्यानंच ती उचलली, धोतराला पुसली. कडेचे कागद भिजले होते, काही अंगठ्यांची शाई पसरली होती, पण वाचता येत होते.

तो घड्याळ बघून म्हणाला, "तीन वाजतायत. पलीकडे माझी साइट आहे, तिथे जीप आहे. तुला हॉस्पिटलला टाकतो आणि मी जमा करून येतो. कुठे द्यायचे?"

इथे मी जे केलं ते लिहायला मला महिना लागला. मी सांगितलं नाही.

त्या कार्यालयात पुढच्या खिडकीवर काहीही दिलं तर दुसऱ्याच विभागात जातं. भूसंपादनाच्या हरकती मागच्या व्हरांड्यातल्या खिडकीवर घेतात, आणि पोच मागून घ्यावी लागते. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. वर्षभराच्या कामातली एवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती जी त्याच्याकडे नव्हती. मी म्हणालो, "दे इकडे. मी जातो."

"येडा आहेस का? तुला उभं तरी राहता येतंय का?"

"संघटनेचं काम आहे. तुझं नाही."

तो रक्त पुसत माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजलं नाही. बहुतेक अजूनही समजलेलं नाही. असा हेवा त्याला कुणाचा कधी वाटला नसावा. समजलं ते ताऊला. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला, फाइल छातीशी धरून, आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबू, ये कागज किसके सैं? तेरे या म्हारे?"

मागे जोहडात म्हशी फुर्रफुर्र करत होत्या. माझ्या नकाशात नसलेलं ते पाणी दहा पावलांवर होतं.

मी सांगितलं. मागचा व्हरांडा, तिसरी खिडकी, दोन प्रती, एकीवर शिक्का, वेळ घालून घ्यायची. त्यानं सगळं एकदा म्हणून दाखवलं. मग मला हॉस्पिटलात टाकून, त्याच्या कंपनीच्या जीपमधून, कंपनीला नको असलेले सगळे कागद मांडीवर घेऊन, कपाळाला रुमाल बांधून तो गेला. रुमाल तोच होता, प्लग पुसलेला. डाग गेला नव्हता.

संध्याकाळी वॉर्डात आला तेव्हा त्याला टाके पडले होते. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हात छातीशी बांधून टाकला होता. त्यानं पोच माझ्या उशीखाली सरकवली. शिक्का होता, चार वाजून दहा मिनिटं अशी वेळ होती, आणि 'सादर करनेवाला' या ओळीवर त्याची सही. त्याच्या ऑफिसातल्या एकानं त्याला त्या खिडकीवर बघितलं होतं. पुढच्या महिन्यात त्याला फरिदाबादला टाकलं. "रोज दुप्पट रस्ता, तुझ्या कृपेनं," एवढंच बोलला, तेही हसत. गाडीचा विषय त्यानं काढला नाही. आई त्याच्यासाठी शिरा घेऊन आधी वर गेली, मग माझ्याकडे आली. मी तेही मोजलं. मोडलेल्या हाडानं माणूस सुधारतो हे मी तरी छापणार नाही.

पण एक केलं. हाताचा पट्टा सुटल्यावर गावात गेलो आणि मागच्या रस्त्यानं चालत निघालो. पावलं मोजत, कागदावर टिपत. खडी संपते तिथे उभा राहिलो. चालत आलं की ते वळण लांबूनच दिसतं. झाडं आहेत, पाणी चकाकतं. ऐंशीच्या वेगानं ते दिसत नाही, आणि दिल्लीत बसून मेणकागदावर तर नाहीच. संघटनेत येऊन नवा स्टेन्सिल घेतला. वळणाशी फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्यावर वळण एका ओढीत न काढता ठिपक्या-ठिपक्यांनी टोचत गेलो. संध्याकाळ झाली, पण आलं. आत जोहड काढलं आणि त्यात, जागा होती म्हणून, एक म्हैस.

हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी त्याला रजा काढून यावं लागलं, कारण कागदावर त्याचं नाव. मी त्याच्या मागे बसून गेलो. काटा मला दिसत होता. चाळीसच्या वर गेला नाही, आणि आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं. कारकुनानं त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, कपाळावरचा व्रण अजून गुलाबी, आणि म्हणाला, "जी, मैं सिर्फ कागज लाया था. बात ये करेंगे." आणि ताऊला हात धरून पुढे केलं. मला हे सुचलं नसतं. भाषण खिशातच राहिलं.

ताऊनं टेबलावर माझा नकाशा पसरला. साहेबाचं बोट रस्त्यावरून सरकत गेलं, वळणाशी थांबलं. त्यांच्या नकाशात ते नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "यहाँ सच में मोड़ है?"

"पक्का सै जी," ताऊ म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "इस बाबू नै हड्डी तोड़ कै देख्या सै."

सगळी खोली हसली. तो सगळ्यात मोठ्यानं. साहेबांनी हसत हसतच पेन उघडलं आणि त्यांच्या नकाशावर, त्या जागी, एक वळण काढलं. निकाल अजून लागलेला नाही. वळण त्या कागदावर आहे.